साध्या कपड्यांतला पोलीस : खान बहादूर कावसजी पेटिगरा



पहाटे साडेपाचला साक्रीच्या रस्त्यावर निघालात तर एक दृश्य हमखास दिसतं. अंधारात पोरं-पोरी धावत असतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. ही सगळी पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदान मारलं की १०० गुणांची लेखी परीक्षा. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत ही भरती म्हणजे घराचं नशीब पालटायची एकमेव वाट आहे. त्यामुळे आठवीच्या वर्गाला मी कोण होणार हा निबंध दिला, की निम्म्या वह्यांत पोलीसच सापडतो.

मागच्या वर्षी असाच निबंध तपासून परत देत होतो. एका मुलाने उठून विचारलं, की सर, इंग्रजांच्या काळातले पोलीस चांगले होते की वाईट? नंदुरबारला शिरीषकुमारवर गोळ्या झाडल्या ते पण पोलीसच होते ना?

खरं सांगतो, मला पटकन उत्तर देता आलं नाही. उद्या सांगतो म्हणालो आणि तास संपवला. मग वाचत गेलो, शोधत गेलो. त्यात एका पोलिसाचं आयुष्य हाती लागलं. त्याचा पुतळा आजही मुंबईत भर चौकात उभा आहे, पण शंभरातल्या नव्वद माणसांना तो कुणाचा हे माहीत नसतं. तोच पाठ आज आपल्यासाठी.

थोडक्यात परिचय

पूर्ण नाव : कावसजी जमशेदजी पेटिगरा
जन्म : १८७७, सुरत
समाज : पारशी
नोकरी : मुंबई शहर पोलीस
ओळख : मुंबईच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे (सी.आय.डी.चे) पहिले भारतीय पोलीस उपायुक्त
मानसन्मान : खान बहादूर, आय.एस.ओ., ओ.बी.ई., सी.आय.ई.
मृत्यू : १९४१

सुरतेचा मुलगा

सुरत आपल्याला काही परकी नाही. साक्रीतून महामार्गाला लागलं, की दहिवेल, विसरवाडी, नवापूर, पुढे सोनगड, व्यारा, बारडोली आणि मग सुरत. आपल्याकडची किती माणसं पोटासाठी त्या वाटेने जातात हे पालकांना सांगायला नको. त्याच सुरतेत १८७७ साली कावसजींचा जन्म झाला.

पेटिगरा हे आडनाव धंद्यावरून आलेलं. पेटिगर म्हणजे पेट्या बनवणारा. आपल्याकडे सुतार, सोनार, शिंपी ही नावं जशी कामावरून पडली, तसंच हे. वर्गात हा पाठ घेताना आडनावांचा हा धागा जरूर धरा. मुलं लगेच आपापल्या आडनावांचा माग काढायला लागतात.

एके काळी सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. पुढे इंग्रजांनी मुंबई वाढवली, व्यापार तिकडे सरकला आणि माणसंही सरकली. त्यात पारशी मंडळी पुष्कळ होती. कोणी गोदीत, कोणी गिरण्यांत, कोणी दुकानदारीत शिरलं. कावसजी पोलिसांकडे गेले.

त्या वेळची मुंबई

१९०१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. आज आपल्याला ही संख्या लहान वाटेल, पण त्या काळी हे देशातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. १८९६ मध्ये प्लेग आला. माणसं गाव सोडून पळाली, मेली, पुन्हा नवी आली. गिरण्यांच्या चाळी कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी भरल्या होत्या. बंदरात अरब, इराणी, पठाण, चिनी असे सगळे उतरत. मराठी, गुजराती, उर्दू, कोकणी, इंग्रजी अशा पाच भाषा एका गल्लीत ऐकू येत.

अशा शहराचा बंदोबस्त करणं सोपं नव्हतं. १८६४ साली फ्रँक सौटर हे मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त झाले. क्रॉफर्ड मार्केटसमोरची आयुक्तालयाची दगडी इमारत १८९६ ची. शिपाई बहुतेक मराठी, त्यातही रत्नागिरीकडचे जास्त. अंगात निळा गणवेश, डोक्यावर पिवळी टोपी. वरचे सगळे अधिकारी मात्र गोरे. देशी माणसाने कितीही घाम गाळला तरी एका पायरीपुढे त्याला चढू देत नसत. हे चित्र आधी मुलांच्या डोळ्यांसमोर उभं करा. त्याशिवाय पेटिगरांनी काय मिळवलं हे कळणार नाही.

सफेद कपडेवाला

पेटिगरा पोलीस खात्यात शिरले ते अगदी तळाशी. त्यांना सफेद कपडेवाला म्हणत. म्हणजे गणवेश नाही, पट्टा नाही, टोपी नाही. साध्या कपड्यांत हिंडायचं, लोकांत मिसळायचं आणि कानावर पडेल ते साहेबाला कळवायचं. आजच्या भाषेत बातमी काढणारा माणूस.

मुलांना वाटतं पोलीस म्हणजे वर्दी आणि दांडका. इथे नेमकं उलटं आहे. या कामात पोलीस दिसला की काम फसलं. चहाच्या, सोड्याच्या दुकानात तासभर बसायचं आणि कुणाला आठवूसुद्धा नये की हा इथे होता. कोण नवीन आलाय, कोणाच्या हातात अचानक पैसा खुळखुळतोय, कोण रोज दिसायचा आणि आठ दिवस गायब आहे, हे सगळं डोक्यात साठवायचं. भाषा अनेक याव्या लागतात, आणि नुसत्या भाषा नाही, बोलायची ढबसुद्धा.

त्या काळी कॅमेरे नव्हते, मोबाईलचा माग नव्हता. बोटांच्या ठशांचं शास्त्र नुकतं रांगत होतं. ठशांचा जगातला पहिला विभाग १८९७ मध्ये आपल्याच देशात, कलकत्त्याला सुरू झाला. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलिसांनी त्याची पद्धत बसवायला मोठी मदत केली. लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ती १९०१ मध्ये उचलली. हे वर्गात सांगितलं तर मुलांची मान ताठ होते, हा माझा अनुभव आहे. पण ठसे जुळवायलाही आधी माणूस सापडावा लागतो. आणि माणूस सापडतो तो खबरीमुळे, ओळखीमुळे, विश्वासामुळे. पेटिगरांची सगळी कमाई हीच होती.

पायरी पायरीने वर

१९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग बसला. प्रत्येक प्रांतात गुन्हे अन्वेषणासाठी वेगळा विभाग हवा, असं त्याने सुचवलं. पुढे १९०९ ते १९१६ या काळात एस. एम. एडवर्ड्स हे मुंबईचे आयुक्त होते. त्यांनी खात्याची पुष्कळ घडी बसवली. पुढे मुंबई पोलिसांचा इतिहासही त्यांनीच लिहिला. पेटिगरांची वाढ झाली ती या बदलत्या खात्यात.

शहरही शांत नव्हतं. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना मुंबईच्या हायकोर्टात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. एका वर्षाला एक दिवस! नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला आणि दंगल पेटली. जानेवारी १९२५ मध्ये मलबार हिलवर भर संध्याकाळी अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा मोटारीत गोळ्या घालून खून झाला. मुमताज बेगम या नर्तकीला पळवण्यासाठी झालेला तो हल्ला होता. तिथून जात असलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी तिला वाचवलं. धागे थेट इंदूरच्या दरबारापर्यंत गेले. खटला गाजला, दोघे फासावर गेले आणि १९२६ मध्ये इंदूरच्या महाराजांना गादी सोडावी लागली. संस्थानिकाच्या माणसांना हात लावणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मुंबई पोलिसांचं नाव त्या खटल्याने देशभर झालं.

अशा शहरात, अशा काळात पेटिगरा एकेक पायरी चढत गेले. १९२८ मध्ये ते गुन्हे अन्वेषण विभागाचे पोलीस उपायुक्त झाले. त्या खुर्चीवर बसलेला हा पहिला भारतीय. एकेकाळी ज्याला वर्दीसुद्धा नव्हती, तो विभागाचा प्रमुख झाला. इथे वर्गात थोडं थांबा. पहाटे धावणाऱ्या पोरांना हे वाक्य फार लागतं.

अवघड पान

आता पाठाचं अवघड पान. हे गाळून पुढे जाऊ नका, ही माझी विनंती आहे.

पेटिगरा वर पोहोचले ते वर्ष १९२८. त्याच वर्षी सुरतेजवळ बारडोलीला वल्लभभाई पटेलांनी शेतकऱ्यांचा सत्याग्रह जिंकला. म्हणजे सुरतेचा एक मुलगा सरकारच्या खुर्चीवर बसत होता आणि सुरतेच्या आसपासचे शेतकरी त्याच सरकारला नमवत होते.

मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी कॉम्रेड डांगे, मिरजकर, घाटे अशा पुढाऱ्यांना मुंबईत पकडलं. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. त्या वर्षी १२ डिसेंबरला काळबादेवीला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू हा गिरणी कामगार चाकाखाली चिरडला गेला. जुलै १९३१ मध्ये मानवेंद्रनाथ रॉय मुंबईत नाव बदलून राहत असताना पकडले गेले. ४ जानेवारी १९३२ ला भल्या पहाटे गांधीजींना मणिभवनातून अटक झाली आणि येरवड्याला नेलं. या सगळ्या काळात मुंबईच्या गुप्तचर यंत्रणेतला सर्वांत मोठा भारतीय अधिकारी होते पेटिगरा. सभेत कोण काय बोललं, पत्रकं कुठे छापली, कोण कोणाकडे उतरलं, यावर नजर ठेवणं हे त्या विभागाचं कामच होतं.

खान बहादूर ही पदवी, आय.एस.ओ., ओ.बी.ई., सी.आय.ई. हे मान इंग्रज सरकारने दिले. चोर, दरोडेखोर, खुनी पकडल्याबद्दल दिले असतील. पण ते सरकार टिकवल्याबद्दलही दिले, हे नाकारता येत नाही.

मग हा माणूस चांगला की वाईट? माझ्या वर्गातल्या मुलाने विचारला तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

मला वाटतं, एका शब्दात उत्तर द्यायची घाई आपण शिक्षकांनी करू नये. गिरणगावातल्या ज्या बाईचं मंगळसूत्र चोराने ओढलं, तिला पोलीस हवाच होता. रात्रपाळी करून घरी जाणाऱ्या कामगाराला सुरी दाखवणाऱ्यापासून वाचवणारा कुणीतरी हवाच होता. राज्य कुणाचंही असो, हे काम चुकत नाही, आणि ते पेटिगरांच्या विभागाने केलं. पण तेच हात, तेच कान, तीच हुशारी परक्या सत्तेच्याही कामी आली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात होत्या. एक खोडून दुसरी लिहिली, तर तो इतिहास राहत नाही.

आपल्या मातीतली दुसरी बाजू

पेटिगरा १९४१ मध्ये गेले. भारत छोडोची हाक त्यांनी ऐकली नाही. ती आपल्या खानदेशाने ऐकली. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या रस्त्यावर शाळकरी पोरांची मिरवणूक निघाली. तेव्हा नंदुरबार आपल्याच जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. पोलिसांनी गोळीबार केला. हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता कोसळला. वय अजून सोळासुद्धा पूर्ण नव्हतं. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांनीही प्राण दिले.

१४ एप्रिल १९४४ ला आपल्या जवळच्याच चिमठाण्याला क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना लुटला. साडेपाच लाखांची रक्कम होती. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी त्यात होते. खजिन्यावर बंदोबस्ताला होते तेही पोलीसच. ती माणसंही याच मातीतली. महिन्याच्या पगारासाठी बंदूक खांद्याला लावून उभी राहिलेली.

म्हणून त्या मुलाचा प्रश्न फक्त मुंबईचा नाही. तो आपल्या अंगणातला आहे.

एक चौक, तीन गोष्टी

आता पेटिगरांच्या पुतळ्याकडे या. तो आहे मुंबईत धोबीतलावला, मेट्रो सिनेमाजवळ. कधी मुलांची सहल मुंबईला नेली तर दोन मिनिटं तिथे थांबा.

पहिली गोष्ट. या चौकाचं नाव आहे वासुदेव बळवंत फडके चौक. इंग्रजांविरुद्ध रामोशी, भिल्ल, कोळी यांना घेऊन सशस्त्र बंड करणारे, पोलिसांनी रानोमाळ पाठलाग करून पकडलेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात देह ठेवलेले फडके. चौक बंडखोराच्या नावाचा आणि पुतळा इंग्रजांच्या काळातल्या पोलिसाचा! कुणी ठरवून हे केलं नसेल, पण इतिहासाचा याहून चांगला तक्ता मला दुसरा माहीत नाही.

दुसरी गोष्ट पेटिगरांची. ती वर सांगितलीच. त्यांच्या मृत्यूनंतर सहाच वर्षांत देश स्वतंत्र झाला आणि जे. एस. भरुचा हे मुंबईचे पहिले भारतीय पोलीस आयुक्त झाले. ज्या दारापाशी देशी माणसाला थांबवत, ते दार आधी पेटिगरांनी किलकिलं केलं होतं.

तिसरी गोष्ट २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीची. कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना अतिरेक्यांनी मारलं. पोलिसांचीच गाडी पळवून ते याच मेट्रोच्या चौकातून गोळ्या झाडत गेले. पुढे गिरगाव चौपाटीला सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. ओंबळे साताऱ्याच्या केडंबे गावचे. आपल्या मुलांसारखेच खेड्यातले.

एका चौकाभोवती तीन काळ. पोलिसांपासून पळणारा देशभक्त, परक्या राज्यात देशी माणसाची वाट काढणारा पोलीस आणि आपल्याच लोकांसाठी जीव देणारे पोलीस. वर्दी तीच वाटते, पण ती कुणासाठी आहे यावर सगळं ठरतं. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या पोलिसाची निष्ठा राजाशी नाही, राणीशी नाही, संविधानाशी आहे. म्हणजेच तुमच्या-माझ्याशी. हा फरक भरतीच्या पुस्तकातला एक गुणाचा प्रश्न म्हणून पाठ करून चालणार नाही.

वर्गात काय करता येईल?

१. नकाशावर साक्री ते सुरत आणि सुरत ते मुंबई असा प्रवास मुलांकडून काढून घ्या. वाटेतली गावं लिहायला सांगा.
२. आपल्या आडनावामागचा धंदा किंवा गाव घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा.
३. शाईच्या पॅडवर अंगठ्याचे ठसे घ्या. भिंगातून पाहू द्या. दोन मुलांचे ठसे सारखे निघतात का ते मुलंच शोधतील.
४. निरीक्षणाचा खेळ घ्या. वर्गात कुणी पाहुणा दोन मिनिटं येऊन गेला की त्याचे कपडे, चप्पल, हातातली वस्तू आठवून लिहायला लावा. सफेद कपडेवाल्याचं काम किती कठीण होतं ते तेव्हाच कळतं.
५. वाद घडवून आणा. एक गट पेटिगरांच्या बाजूने, एक विरुद्ध. अर्ध्या वेळानंतर गटांच्या बाजू बदला. ही शेवटची पायरी चुकवू नका.

विचार करायला लावणारे प्रश्न

अ) वरिष्ठांचा हुकूम आणि आपलं मन यांत भांडण झालं तर पोलिसाने काय करावं?
आ) पेटिगरा नोकरी सोडून सत्याग्रहात गेले असते तर काय मिळालं असतं आणि काय गेलं असतं?
इ) तुमच्या गावात कुणाचा पुतळा आहे? तो का उभारला, हे कोणाला माहीत आहे?

शेवटी

तो पाठ मी दोन तास घेतला. प्रश्न विचारणारा मुलगा शेवटपर्यंत गप्प होता. मला वाटलं, काही पोहोचलं नाही. आठ दिवसांनी वही तपासायला आली. मी कोण होणार हाच निबंध त्याने पुन्हा लिहिला होता, न सांगता. पोलीस व्हायचं त्याने सोडलं नव्हतं. फक्त शेवटी एक गोष्ट वाढवली होती. मिरवणुकीत पोरं असतील तर आपण बंदूक उचलणार नाही, आधी त्यांच्याशी बोलणार, असं त्याने लिहिलं होतं.

पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी पहाटे धावायला जात असेल तर जरूर जाऊ द्या. दूध द्या, बूट घेऊन द्या. पण घड्याळ लावून वेळ मोजता मोजता एखाद्या दिवशी हेही विचारा, की वर्दी मिळाली तर ती कुणासाठी घालणार? १६०० मीटर चार-सहा मिनिटांत पळून होतात. या प्रश्नाचं उत्तर मात्र नोकरीभर द्यावं लागतं.

आपल्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.